बर्फावर उतरलेला ध्रुवप्रकाश

आर्क्टिकमधल्या काळोख्या दुपारी श्रीकर गोठलेल्या तळ्यावर फोटो काढत होता. हिरव्या प्रकाशाचा पडदा आभाळातून उतरून बर्फाला टेकला आणि त्याच्याकडे सरकू लागला.

पृथ्वीचं चुंबकीय कवच विरळ झाल्यापासून ध्रुवप्रकाश असा जमिनीवर यायचा आणि वाटेतली यंत्रं बंद पाडायचा. श्रीकरच्या छातीत पेसमेकर होता.

“मागे फिर!” गाडीजवळून त्याची बायको शर्वरी ओरडली.

“एकच राहिलाय!”

शर्वरी धावत जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. “मग माझ्यासकट काढ. मी हलणार नाही.”

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. ती थरथरत होती आणि तिच्या पाठीमागे उजेड वाढत होता. कॅमेरा तिथेच टाकून त्याने तिचा हात धरला. दोघं जिवाच्या आकांताने पळाली.

बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुरू झाली, तेव्हा कुठे शर्वरी रडली.