शेवटचा हात

“नर,” भाची म्हणाली आणि तिने पिल्लू मावशीच्या हातात दिलं.

“हं.” मावशीने पिल्लू नाकाजवळ नेलं, उलटं केलं, अंगठ्याने हलकेच दाबलं आणि उजव्या खोक्यात टाकलं. “पुढचं.”

अंड्यातून बाहेर येऊन दिवसही न झालेली कोंबडीची पिल्लं. उबवणी केंद्रातल्या त्या दोघींच्या खोलीत रोजचं काम एकच. शेपटीखाली अंगठ्याने दाबायचं. खसखशीएवढा उंचवटा दिसला तर नर, नाही तर मादी. माद्या डाव्या खोक्यात. त्या मोठ्या होऊन अंडी घालणार. उजवं खोकं मागच्या दाराने जायचं. नर पोसून करायचंय काय? त्या दारापलीकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही हेही.

पहिल्या आठवड्यात भाचीला घास गिळवेना. मग तिने एक गोष्ट मनाशी घट्ट धरली. आपण नुसतं बोलतो. ठरवते मावशी. शेवटचा हात मावशीचा. तेवढ्यावर तिला झोप लागायची.

मावशीची शिस्त म्हणजे शिस्त. बोलायचं ते मोठ्याने. डोळे आपल्या पिल्लावर, माझ्याकडे टकामका बघायचं नाही. खोकी बोटभरही हलवायची नाहीत. एकदा झाडूवाल्याने डावं खोकं जरा सरकवलं, तर मावशीने त्याचा असा उद्धार केला की बिचारा दोन दिवस खोलीकडे फिरकला नाही.

सुरुवातीला उत्तर चुकलं की भाचीच्या डोक्यात टपली बसायची. “डोळे आहेत की बटणं?” वर्षभरापूर्वी टपल्या थांबल्या. तेव्हापासून नुसतं “हं”. दिलेलं पिल्लू कुठल्या खोक्यात पडलं हे बघायला भाचीला फुरसत नसायची, तोवर पुढचं हातात असायचं. मावशीने आपल्यावर पाणी सोडलं, एवढं मात्र तिने ओळखलं. याचं तिला फार वाईट वाटायचं. त्यापेक्षा टपली परवडली.

आणि आज परीक्षा होती. महिनाअखेरीस मावशी निवृत्त होणार. शंभरातली पंचाण्णव बरोबर आली तर तिची जागा भाचीला, आणि नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्याही राहणार. नाही तर दोघींना जायला दुसरी जागा नव्हती.

“मावशी, मला नाही गं जमायचं,” सकाळी जिना चढताना भाची म्हणाली होती. मावशीचा हात नेहमीप्रमाणे तिच्या खांद्यावर होता. गुडघे ऐकत नाहीत, असं मावशी म्हणायची. “इथे चुकलं तर तू आहेस. तिथे कोण?”

“तिथे तू.”

“थट्टा सुचतेय तुला. माझा धीर सुटत चाललाय.”

“खुशाल सुटू दे. डोळे पिल्लावर ठेव, बस्स.”

परीक्षा समोरच्या खोलीत होती. परीक्षक बाहेरून आलेला, चेहऱ्यावरची रेषही न हलणारा माणूस. भाचीने शंभर पिल्लं वेगळी केली. मग त्याने एकेक उचलून पुन्हा तपासलं.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. उजव्या खोक्यातून दोन पिल्लं काढून त्याने डावीकडे ठेवली. “या दोघी माद्या आहेत. फुकट गेल्या असत्या.”

मावशी असती तर तिने पकडल्या असत्या, भाचीला वाटलं. मागून मावशी होती म्हणून बरं, नाही तर आजवर अशा किती गेल्या असत्या.

“कोणाकडे शिकलीस?”

“मावशीकडे. पण ती हल्ली चूक की बरोबर तेही सांगत नाही.”

“तरी चांगली तयार झालीस,” तो म्हणाला आणि त्याने कागदावर सही केली.

भाची धावतच परत आली. “मावशी! अठ्ठ्याण्णव!”

मावशीने डोळे मिटले. “सुटले गं बाई,” ती म्हणाली.

भाचीचं लक्ष टेबलाकडे गेलं. सकाळी आलेलं पिल्लांचं खोकं तसंच काठोकाठ भरलेलं होतं. डावं रिकामं. उजवंही रिकामं. तासाला आठशे पिल्लं हातावेगळी करणारी म्हणून जिचं नाव होतं, ती मावशी दीड तास नुसती बसून होती.

“अगं, एकही नाही केलंस? बरं वाटत नाहीये का?”

“बरी आहे. तुझीच वाट बघत होते.” मावशीने खोक्यात हात घातला, चाचपून एक पिल्लू उचललं आणि पुढे केलं, भाची उभी होती त्याच्या जरा डावीकडे. “आता सांगायला हरकत नाही. वर्ष झालं, मला नुसतं पिवळं दिसतं. घे. बोल.”