ओरखडा

"एकच चूक." खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "सहाव्यांदा दर्शन देताय बाई. पुढच्या वेळी चहा सांगून ठेवतो."

"साखर कमी," ती म्हणाली आणि कागद उलगडला.

*प्रयत्न सहावा. फिल्म तीस, बरोबर एकोणतीस. शेरा : चांगला सांधा बाद ठरवला. नापास.*

ती खिडकीपासून हलली नाही. "मला परीक्षकांना भेटायचंय."

परीक्षकांना सर्दी झाली होती. समोर टेबलावर उजेडाची पेटी होती आणि तिच्यावर परीक्षेच्या फिल्म्सचा गठ्ठा. सगळ्या खऱ्या, जुन्या कामांच्या. नळ्यांचे, टाक्यांचे वेल्डिंग केलेले सांधे, त्यांचे एक्स-रे. कुठल्या कामाची फिल्म आहे ते कळू नये म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर काळी पट्टी. अशा फिल्म वाचून सांधा चांगला की बाद हे ठरवायला परवाना लागतो, आणि त्यासाठीची ही परीक्षा.

"साहेब, ती एक फिल्म पुन्हा बघा. सांध्यात तडा आहे."

"मूळ वाचकाने चांगला म्हटलंय. तेच उत्तर."

"मूळ वाचक चुकला असेल तर?"

"तर फेरतपासणी होते. पण ती फक्त परवानाधारकाला मागता येते." त्यांनी नाक पुसलं. "आधी पास व्हा. मग आमच्या चुका काढा."

*प्रयत्न पहिला. चुका अकरा.* जिन्यात बसून रडली.

*दुसरा. चुका सात.* रडली नाही. साती फिल्म्स आठवून वहीत काढल्या.

*तिसरा. तीन.* वही संपली, दुसरी आणली.

*चौथा. एक.*

*पाचवा. एक.* तीच.

आठ वर्षं ती प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांसाठी फिल्म धूत होती. बोटांना औषधाचा वास कायमचा. फिल्म धुवायची, वाळवायची, क्लिप लावून वाचकाच्या टेबलावर ठेवायची आणि तोंड बंद ठेवायचं. आता तिला त्या टेबलामागे बसायचं होतं.

"सातवीसुद्धा तू एका झटक्यात पास झाली होतीस," आई इस्त्री फिरवत म्हणाली. "ही कसली परीक्षा गं, संपतच नाही ती?"

"आई, शर्ट जळेल."

"जळू दे. तीस वर्षं हेच करतेय, तेही फुकट. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत चांगलं काम मिळत होतं. ह्यांनी जाऊ दिलं नाही. म्हणे, वाफेने दमा होतो. आमच्या सात पिढ्यांत दमा नाही!"

बाबा खिडकीशी बसले होते. तेही फिल्म वाचायचे. तीस वर्षं वाचल्या, मग डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि घरी बसले. लहानपणी मांडीवर बसवून त्यांनीच तिला शिकवलं होतं : शंका आली की फिल्म तिरपी धरायची. ओरखडा असला तर चमकतो. तडा चमकत नाही.

"तीच फिल्म अडली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खाली डावीकडे, केसासारखी रेघ. ओरखडा आहे तो."

"तिरपी धरली होती, बाबा. चमकत नाही."

"जुन्या फिल्मची चमक मरते." ते खिडकीबाहेर बघत राहिले. कोपऱ्यावरून लाँड्रीची शिट्टी वाजली आणि डबे सांभाळत बायका आत शिरू लागल्या. "हट्ट सोड, बाळा. एका रेघेपायी आयुष्य घालवशील. चांगला लिही आणि मोकळी हो."

"तुम्हीच म्हणायचात, डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं."

"म्हणायचो," बाबा म्हणाले.

सातव्या खेपेला ती फिल्म बाविसाव्या जागी आली. खाली डावीकडे रेघ. तिने फिल्म उचलली, तिरपी धरली, पुन्हा धरली. चमक नव्हती. शेजारचा उमेदवार पेन्सिल चावत होता. भिंतीवरच्या घड्याळात अजून चाळीस मिनिटं होती.

तिने उत्तरपत्रिकेवर लिहिलं : *चांगला.*

आणि तेविसावी फिल्म उचलली.

*प्रयत्न सातवा. बरोबर तीस. पास.*

"अरेरे," कारकून म्हणाला, "आता चहा कोण पिणार?" आणि उठून उभा राहिला. खिडकीच्या त्या बाजूला तो उभा राहिलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

घरी आईने सगळ्या मजल्याला ओरडून सांगितलं. बाबांनी हाक मारून जवळ बसवलं.

"ती फिल्म?"

"चांगला लिहिला."

बाबांनी डोळे मिटले. "शहाणी गं माझी." मग खणातून लाल मेणपेन्सिल काढून तिच्या हातात दिली. बोटभर उरलेली, चाकूने तासलेली. "माझी आहे. आता तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी परवाना तिच्या हातात पडला. शिक्क्याची शाई अजून ओली होती. ती तशीच परीक्षकांच्या खोलीत गेली.

"आता काय?" परीक्षकांची सर्दी गेली होती.

"फेरतपासणी. काल बाविसावी होती ती."

त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढून बाविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही तर चांगला लिहिलंत."

"परवाना नव्हता तेव्हा."

त्यांनी कपाटातून जुनं पाकीट काढलं, फिल्मवरची काळी पट्टी सोलली आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवली. पाकिटावर लिहिलं होतं : *लाँड्री, वाफेची मुख्य नळी, सांधा तिसरा. वापर चालू.* खाली पत्ता होता. तिच्याच गल्लीचा कोपरा.

शिट्टी होऊन तास झाला होता. बायका आत होत्या.

तिने फिल्म पेटीवर ठेवली. मग तिरपी धरली. लाल पेन्सिलीने रेघेभोवती गोल काढला, *बाद* लिहिलं, खाली सही केली, परवान्याचा नंबर टाकला.

"वाफ बंद करायला फोन लावा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

परीक्षकांनी फोन ओढला. आकडे दाबता दाबता म्हणाले, "आणि मूळ वाचकाला लेखी कळवावं लागतं. नियम आहे. नाव पाकिटाच्या मागे असेल."

तिने पाकीट उलटं केलं. *चांगला*, असं लाल पेन्सिलीत लिहिलं होतं आणि खाली सही होती. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर, पालकाच्या रकान्यात, ती हीच सही घेऊन जायची.