पन्नास मैलांवर

“नक्षी बघू नकोस, आर्डिथ, तारीख बघ. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.”

व्हर्लिनने हे शिकवलं तेव्हा तो तिला नावाने हाक मारत असे.

आता ती टायरच्या दुकानात गुडघे टेकून बसली होती. टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने चाचपत होती. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेर गाडीला जोडलेला ट्रेलर उभा होता. आत दोन बिछाने, एक चूल. सात वर्षं तो अंगणातून हलला नव्हता. व्हर्लिन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता. वृद्धाश्रमातून तिने त्याला दोन तासांसाठी आणलं होतं.

“घेऊन टाका, काकू,” दुकानदार ड्वेन म्हणाला. “कोरे आहेत. स्वस्तात देतो.”

“चार वर्षांपूर्वीचे आहेत रे.”

“मग नवे मागवावे लागतील, पुढच्या आठवड्यात येतील. अहो, समुद्रापर्यंत जाऊन यायचंय ना? का पुढे पोहत जाणार?”

पुढचा आठवडा. म्हणजे आज निघणं टळलं. मनातून तिला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

व्हर्लिन उठून आला. वाकला. कडेवरून बोट फिरवलं.

“हे नका घेऊ, बाई. शिळे आहेत.” मग मागच्या चळतीकडे गेला, एकेक टायर वळवून बघत. “हे घ्या. या वर्षीचे. पाच घ्या, स्टेपनी जुनी ठेवू नका.”

“अरे, ते मागे होते होय,” ड्वेन पुटपुटला.

“लांब निघालात?” व्हर्लिनने तिला विचारलं.

“ऑरेगॉनला. समुद्र बघायला.”

“आणि यजमान?”

“त्यानेच वचन घेतलंय. म्हणाला, मी तुला ओळखेनासा झालो की माझ्यासाठी थांबू नकोस.”

व्हर्लिनने जरा विचार केला. “भला माणूस दिसतो. पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, नवे टायर बसवले की ते सैल होतात. विसरू नका हं.”

“नाही विसरणार.”

ड्वेनने पाचही टायर बसवले. पैसे घेताना त्याने मान वर केली नाही.

वृद्धाश्रमाच्या दाराशी तिने व्हर्लिनच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. गाडीतून सोडल्याबद्दल त्याने तिचे आभार मानले.

ती गाडीत येऊन बसली. डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मैलांचा आकडा शून्यावर आणला. नट आवळायचा पाना शेजारच्या सीटवर, त्याच्या जागी ठेवला, आणि सावकाश निघाली.