टपोरे ठिपके

थेंब पसरला नाही. तेलाचा हात फिरवलेल्या काचेवर तो अळवाच्या पानावर बसावा तसा गोल गरगरीत बसून राहिला. आगाथा फ्रीसनने चष्मा पुसला आणि दुसरा थेंब टाकला. तोही तसाच. ज्या पाण्यात यीस्ट वाढवलं होतं, त्यात त्याने साबण सोडला असता, तर थेंब पडल्या पडल्या चपटा झाला असता. तेहतीस वर्षांपूर्वी तो क्षणात सपाट झाला होता, हे आगाथाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“तुझी नळी घाण असेल,” ती म्हणाली.

“नळी तुम्हीच धुतलीय,” जोसेट म्हणाली.

आगाथाने धुतलेल्या नळीत घाण सापडली असती, तर कॅनडातल्या या सॅस्काटून शहराची नदीही उलटी वाहिली असती. जोसेट मोरिसेट दोन महिन्यांपूर्वी या संशोधन संस्थेत आलेली तरुण शास्त्रज्ञ, आणि आगाथा तळघरातला यीस्टचा संग्रह सांभाळणारी. हा संग्रह ऑक्टोबरात बंद व्हायचा होता. संचालकांनी एवढीच सवलत दिली होती की, फ्रीसनबाईंचं यीस्ट अजून साबण करतं असं शुक्रवारपर्यंत दाखवा, मग तेही राहील आणि तळघरही. नाहीतर सगळं फेकायचं. आज शुक्रवार होता.

ते यीस्ट तिचं नव्हतंच, कॉर्नीचं होतं. कॉर्नी तिचा धाकटा भाऊ. शेतातलं गवत कापताना जमिनीतलं केसाळ मधमाश्यांचं घरटं फुटलं, तेव्हा सात डंख खाऊन त्याने चमचाभर मध लोणच्याच्या बरणीत घालून आणला होता. “घे, तुझ्या किड्यांच्या शाळेत भरती कर,” म्हणाला होता. त्या मधात हे यीस्ट निघालं. त्याच वर्षी हिवाळ्यात शेजाऱ्याच्या गाईंना चारा पोचवायला निघालेला कॉर्नी बर्फाच्या वादळात अडकला आणि ट्रकमध्येच गोठून गेला.

संस्थेने तेव्हाच सांगितलं होतं, यीस्टची एक कुपी गोठवून ठेवा, म्हणजे मूळ वाण जसंच्या तसं राहील. आगाथा म्हणाली, कॉर्नीची वस्तू मी बर्फात घालणार नाही. पुन्हा तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही. तेव्हापासून ते जिवंत राहावं म्हणून दर महिन्याला जुन्या बशीवरचं यीस्ट खुराक घातलेल्या नव्या बशीवर ती स्वतःच्या हाताने लावत आली. नवऱ्याला पुरलं त्या आठवड्यातही खाडा केला नाही. नाताळच्या जेवणात संचालक दरवर्षी पेला उंचावून म्हणत, काम असावं तर आगाथासारखं, वेळेवर आणि चोख.

जोसेट स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. “आगाथा, बशीवर यीस्टचे शेकडो ठिपके उठतात. नव्या बशीसाठी त्यातला कुठला उचलता?”

“कुठला म्हणजे? सगळ्यात टपोरा. पांढराशुभ्र, गुबगुबीत. आमच्या घरी बियाण्याचा बटाटासुद्धा असाच निवडायचे. मरतुकडा कोण उचलेल?”

जोसेटने काचेवरचे दोन गोल थेंब बोटाने पुसून टाकले. “साबण फुकट होत नाही हो. त्यासाठी यीस्टला पोटातलं काढून द्यावं लागतं. जो साबण करतो, तो बारकाच राहतो. टपोरे होतात ते नुसते खाणारे.”

वर्षाचे बारा महिने, तेहतीस वर्षं. जवळजवळ चारशे वेळा आगाथाने डोळ्यांत तेल घालून ऐतखाऊ निवडले होते, आणि भावाचं देणं आपल्या हाताने बाजूला सारलं होतं. कॉर्नीही काटकुळाच होता. बाबा त्याला जेवताना हसायचे आणि तीही हसायची. हे तिला आज आठवलं, आणि तिची तिलाच किळस आली.

“ऐका,” जोसेट एकदम उठली. “या महिन्याची नवी बशी तुम्ही आज सकाळी लावलीत ना? मग जुन्या बशीवर बघू. एखादा जरी बारका ठिपका उरला असेल, तरी त्याच्यापासून सगळं परत उभं करता येईल. संचालकांकडून महिनाभराची मुदत मी मागून घेते.”

आगाथाचा चेहरा उजळला. “होते! कडेला तीन-चार होते. बारके, चिकट, सुरकुतलेले. मी म्हटलं, शी, बशी खराब झाली.”

“कुठाय ती बशी?”

आगाथाने मान वळवून कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हकडे पाहिलं. प्रयोगशाळेतला तो कमरेएवढा प्रेशर कुकर, वापरलेल्या बश्यांवरचं सगळं वाफेने मारून टाकणारा. जोसेट धावली, झाकणाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. काटा एकशे एकवीस अंशांवर होता.

जुनी बशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलावर राहिली, असं या तळघरात तेहतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

ऑटोक्लेव्हची घंटा वाजली. काम झालं होतं, वेळेवर आणि चोख.