अकारविल्हे

टेलिफोनवाल्याने चौथ्यांदा 'सेव्ह' दाबलं आणि चौथ्यांदा बत्तीसच्या बत्तीस बटणं अकारविल्हे लागली.

"हललीत परत," ताई म्हणाल्या.

ताई हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. नव्या फोनची बटणं त्यांनी तासाभरात बोटांखाली घातली होती: चार ओळी, ओळीत आठ. बटण दाबून पलीकडून कोण बोलतंय ते ऐकलं, की कोण कुठे जाऊन बसलंय ते त्यांना कळत होतं.

"तुम्ही सांगितलं तसंच लावतोय हो मी," तो म्हणाला. "लॅपटॉपवर सगळं नीट दिसतंय. फोनमध्ये पाठवलं, की हा दीडशहाणा आपलाच क्रम लावतो. कंपनीला विचारलं, तर म्हणतात तसंच असतं ते."

जुना बोर्ड सकाळीच उचलून नेला होता. हॉस्पिटलचे फोन थोडेच थांबणार! ते या अर्धवट फोनवर येत होते.

"ताई, ओटीतून बोलतेय. ब्लड बँक द्या, पटकन."

ताईंचं बोट आपसूक दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या बटणावर गेलं.

"लाँड्री," पलीकडून आवाज आला. "चादरी चारनंतर."

ताईंनी फोन तोडला. "कुठंय? दादा, ब्लड बँक कुठंय?"

"थांबा... पहिली ओळ. पहिली ओळ, चौथं."

फोन लागला. पण तोवर ओटीतल्या सिस्टरने दुसऱ्यांदा "ताई?" म्हटलं होतं. ताईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि घट्ट धरून ठेवले. "एकोणीस वर्षांत ओटीला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नव्हती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ऑफिसर साहेब दारातून डोकावले. "अजून चालूच आहे? उद्या चेअरमन बघायला येणार आहेत."

"बटणं जागेवर राहत नाहीत, साहेब."

"मग काय बिघडलं? प्रत्येक बटणासमोर स्क्रीनवर नाव येतं की. बघायचं आणि दाबायचं."



"येत असेल, साहेब," ताई म्हणाल्या.

साहेबांनी जीभ चावली. घड्याळात पाहिलं आणि ते निघून गेले.

टेलिफोनवाल्याने लॅपटॉप पुढे ढकलला. सकाळपासून त्याने चहासुद्धा घेतला नव्हता. दुपारी त्याला दुसरीकडे जायचं होतं आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. "एक विचारू का ताई? तोच क्रम कशाला हवा? नवीन पाठ करा ना. दोन दिवसांत हाताला बसेल."

"बसेल की. आता मॅटर्निटीच्या शेजारी काय आलंय, ते बघा."

त्याने पाहिलं. "मॉर्च्युरी."

"मी नवीन होते, तेव्हाही शेजारीच होती. एका माणसाचा फोन आला. बायकोला आत नेलंय, मुलगा झाला की मुलगी, एवढंच विचारत होता. माझं बोट एक घर सरकलं."

त्याने मॉर्च्युरीच्या बटणाकडे पाहिलं.

"बायको, बाळ, दोघं सुखरूप होती," ताई म्हणाल्या. "पण ते त्याला कळायला दहा मिनिटं लागली. त्याच दिवशी मी ते बटण शेवटच्या कोपऱ्यात हलवायला लावलं. बाकी काय हवं ते इकडचं तिकडे करा, दादा."

खिशातला फोन पुन्हा थरथरला. त्याने तो बंदच करून टाकला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

"याला क्रमच लावायचाय ना? लावू दे," तो म्हणाला. "नावांच्या आधी आकडे घालतो. शून्य एक, शून्य दोन... सांगा तुम्ही."

ताई सांगू लागल्या. सांगताना त्यांची बोटं रिकाम्या टेबलावर एकेक घर पुढे सरकत होती. कुठेही अडखळल्या नाहीत. त्याचीच बोटं दोनदा चुकली, आणि तो स्वतःवरच वैतागला. बत्तीस आकडे घालून त्याने पाचव्यांदा 'सेव्ह' दाबलं.

साहेब परत आले, ते थेट स्क्रीनसमोर. "हे आकडे कसले? काढून टाका. विचित्र दिसतंय."

"निघत नाहीत, साहेब."

"म्हणजे?"

"सिस्टिमच तशी आहे." टेलिफोनवाल्याने मान वर केली नाही. "वरून लिहून आणलंत, तर बघू."

साहेब नाराजीने परतले. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यापर्यंत जाईतो ताई थांबल्या.

"निघतात ना?"

"निघतात."

ताईंनी पहिल्या बटणावर बोट ठेवलं. कॅज्युअल्टी. तोडलं. दुसरं, एक्स-रे. दुसऱ्या ओळीत तिसरं.

"ब्लड बँक, बोला."

"काही नाही हो, तपासतेय." त्यांचे खांदे जरा खाली आले.

तिसरी ओळ झाली. चौथी आली. एकतिसाव्या बटणावरून त्यांनी बोट उचललं आणि हात मागे घेतला.

"शेवटचं तुम्ही दाबा, दादा. कामाशिवाय मी त्याला हात लावत नाही."

त्याने वाकून कोपऱ्यातलं बटण दाबलं. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचललं.

"बोला," थकलेला आवाज आला. "कोण हवंय?"



"कुणी नको," टेलिफोनवाला म्हणाला आणि त्याने हळूच फोन ठेवला.