हरकत क्रमांक सत्तावीस

गुरुवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी हरकत क्रमांक सत्तावीस पुकारली गेली. वसईतल्या एका सभागृहात लघुउद्योग धोरणाच्या मसुद्यावर सुनावणी चालू होती. पाच वाजता हरकतींची नोंद बंद होणार होती.

नंदाखाल गावच्या फ्लॉसी तुस्कानो उठून पुढे गेल्या. सोबत निवृत्त शिक्षक ॲन्सेल्म सर होते. अर्ज त्यांनीच लिहून पाठवला होता. टेबलामागे दोन अधिकारी बसले होते, एक राज्याचे, एक केंद्राचे.

"बोला बाई, किती झाडं गेली?" राज्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कसली झाडं?"

"केळीची. तुमची केळी सुकली ना?"

"सुकली नाहीत साहेब, आम्ही सुकवतो." फ्लॉसीबाईंनी केळीच्या वाळक्या पानात बांधलेली पुडी टेबलावर ठेवली. "सुकेळी म्हणतात हिला. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं आणि मांडवावर आठवडाभर उन्हात ठेवायचं. गावात आम्ही अकरा घरं हे करतो. तुमच्या मसुद्यात लिहिलंय, खायचा कुठलाही जिन्नस उघड्यावर वाळवायचा नाही, बंद शेडमध्येच वाळवायचा. शेडमध्ये ऊन कुठून आणू? 'सुकेळी वगळून' एवढे दोन शब्द घाला. नाहीतर पुढच्या हंगामात आम्हाला विकता येणार नाही."

राज्याच्या अधिकाऱ्यांनी पुडी सोडली, एक सुकेळी खाल्ली आणि पुडी शेजारी सरकवली. "छान आहे. वगळायला आमची ना नाही. पण खाद्यपदार्थाची व्याख्या केंद्राची आहे."

"व्याख्या सगळ्या देशासाठी असते," केंद्राचे अधिकारी खाता खाता म्हणाले. "एखादा पदार्थ वगळायचा तर तो राज्याने."

"तुम्ही दोघं एकाच टेबलाला बसलायत ना?" फ्लॉसीबाई म्हणाल्या. "मग आत्ताच ठरवा. मी थांबते."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. राज्याच्या अधिकाऱ्यांनी संगणकावर हरकतींची नोंद ठेवणाऱ्या मेघनाकडे पाहिलं. "नोंद काय आहे?"

मेघनाने वाचून दाखवलं. "'सुकलेली केळी, अकरा कुटुंबे, सहानुभूतीने विचार व्हावा.' विषय पीक नुकसान असा लागलाय, सर."

फ्लॉसीबाई ॲन्सेल्म सरांकडे वळल्या. "सर, मी तुम्हाला कुठला शब्द सांगितला होता?"

"सुकेळी."

"मग?"

"तो बोलण्यातला शब्द. सरकारी अर्ज म्हणून मी शुद्ध करून लिहिला."

"चाळीस वर्षं वह्या तपासल्यात ना सर? हा एक कागद तपासला नसतात तर चाललं असतं."



"शब्द बदल गं बाळा," फ्लॉसीबाई मेघनाला म्हणाल्या.

"बदलता येत नाही, मावशी. नवी हरकत टाकावी लागेल."

"टाक मग. पाचाला अजून वेळ आहे."

मेघनाने यादी खालीवर केली. "यादीत सुकेळी नाही. 'इतर' निवडलं तर उद्योगाचा नोंदणी क्रमांक मागतंय."

"तो आणला आहे का?" केंद्राच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बंद शेड दाखवल्याशिवाय तो आत्तापासूनच देत नाहीत," फ्लॉसीबाई म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय मी. मघापासून तेच सांगतेय."

राज्याच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "तुमचं म्हणणं ऐकून घेतलं आहे. पुढचे, अठ्ठावीस."

फ्लॉसीबाई हलल्या नाहीत. अठ्ठावीस क्रमांकाचा माणूस कागद हातात घेऊन त्यांच्या मागे उभा राहिला. मेघनाने जुन्याच नोंदीखालच्या शेऱ्याच्या रकान्यात हळूच 'सुकेळी' असं टाइप केलं. संगणकाने शब्दाखाली लाल रेघ ओढली. ॲन्सेल्म सरांनी नजर दुसरीकडे वळवली.

चार वाजून बावन्न मिनिटांनी फ्लॉसीबाईंच्या मोबाईलवर संदेश आला: हरकत क्रमांक २७ कृषी विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. नुकसानीची पाहणी सोमवारी.

टेबलावर केळीचं वाळकं पान तेवढं उरलं होतं.

मेघनाचा शेरा पुढे गेला की नाही, ते अजून कळलेलं नाही. फ्लॉसीबाईंनी सुनावणीच्या आधी, मंगळवारीच मांडवावर केळी घातली आहेत. ऊन चांगलं आहे. पाहणीचा माणूस येईल तोवर ती पुरती सुकलेली असतील.