एकास दोनशे

सकाळी साडेदहा वाजता कुरुदमधल्या उन्नतीच्या वॉशिंग सेंटरवर नवरदेवाची काळी गाडी तिसऱ्यांदा धुऊन झाली आणि बोनेट वाळताच पांढरे डाग तिसऱ्यांदा उमटले. वरात चारला निघणार होती.

"बाबा, शांपू पाण्यात एकास शंभर करून पायला, एकास दोनशे करून पायला. डाग काई जाऊन नाही राहिले," उन्नती म्हणाली.

स्टील प्लांटच्या लॅबमधून रिटायर झालेल्या तिच्या वडिलांनी, रामाजींनी, शांपूची बाटली बाजूला ठेवली आणि बोअरच्या नुसत्या पाण्याचा एक थेंब बोनेटवर टाकला. तो वाळला आणि पांढरी चकती उरली.

"तुयं माप बरोबर हाय पोरी. पाण्यातच चुना हाय."

मग त्यांनी एसीच्या नळीखालच्या डब्यातला थेंब टाकला. तो वाळल्यावर त्याची जागा शोधूनही सापडेना.

शेवटच्या धुण्याला वीस लिटर पाणी हवे होते. एका एसीतून तासाला लिटरभर गळते. उन्नती शेजारी धावली.

दुपारी एक वाजता गल्लीतले चार एसी सुरू होते आणि चारही घरची माणसे बाहेर उन्हात बादल्यांभोवती उभी होती.

"अंदर कोनी नाही, अन् एसी फुल!" शेजारच्या बेबीताई म्हणाल्या.

पाणी आठ लिटर झाले होते; वरात निघेपर्यंत वीस होणार होते.